टोचनभाऊंनी सायलेन्सर बदलला

गाडी रस्त्यात बंद पडली की माणूस आधी चिडतो, मग बॉनेट उघडून आत बघतो, आणि आतलं आपल्याला काही कळत नाही हे कळलं की फोन काढतो. आमच्या भागात तो फोन बहुतेक वेळा टोचनभाऊंनाच जायचा. बंद गाडीला साखळी लावून ओढून नेणं म्हणजे टोचन. भाऊंनी उभा जन्म तेच काम केलं, म्हणून ते टोचनभाऊ. खरं नाव लायसनवर होतं, पण वापराविना पडून होतं.

भाऊ अंगाने आडवे, मानेने जाड आणि बोलायला कमी. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यालगत पत्र्याचं कुंपण घातलेलं त्यांचं आवार होतं. आत अपघाताच्या, जप्तीच्या, मालकांनी टाकून दिलेल्या गाड्या उभ्या असत, आणि आवाराच्या टोकाला दोन खोल्यांचं घर. पोटापाण्याचं साधन म्हणजे एक पिकअप. मागे छोटी क्रेन, दोन हूक, वर पिवळा दिवा. गाडी जुनी, पण ओढायला बैलासारखी.

या पिकअपचा आवाज मात्र भयंकर होता. मूळचा सायलेन्सर गंजून गळून पडला तेव्हा मेव्हण्याने, म्हणजे भाऊंच्या बायकोच्या धाकट्या भावाने, त्या जागी सरळ पाइप जोडून दिला होता. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं आणि प्रत्येक गोष्टीवर मत होतं. "भावजी, धूर मागे कोंडला नाही की इंजिन मोकळं ओढतं," तो म्हणाला होता. इंजिन खरंच मोकळं ओढू लागलं. पण भाऊ दूरच्या वळणावर असले तरी आवारातली कुत्री उठून बसत, आणि बायको चहाचं आधण ठेवी. भाऊंना त्या आवाजाचा थोडा अभिमानही होता. आडरानात अडकलेल्या माणसाचा तो आवाज ऐकून जीव भांड्यात पडतो, असं लोकच त्यांना सांगत.

ज्याची गाडी मागे लटकलेली असे तो माणूस भाऊंच्या शेजारच्या सीटवर बसून येई. तो काहीबाही विचारी. गाडी दुरुस्त होईल का, अजून किती लांब, माझीच चूक झाली का हो. भाऊंना त्यातलं एक अक्षर ऐकू येत नसे. ओठ हलले की ते मान डोलवत आणि "हो, हो" म्हणत. बहुतेक प्रश्नांना ते उत्तर चालून जाई.

एका दुपारी भाऊ एक व्हॅन पोचवून रिकामे परत येत होते. विटांच्या भट्टीपुढच्या वळणावर एक गाडी रस्ता सोडून मोरीच्या कठड्यावर आदळलेली दिसली. नुकतीच आदळलेली, कारण धूळ अजून खाली बसली नव्हती. आत एकटा माणूस होता. चष्म्याच्या दुकानाचे मालक, भाऊंना ते तोंडओळखीने माहीत होते. भाऊंनी अॅम्ब्युलन्सला फोन केला, वाकड्या दारातून हात घालून इंजिन बंद केलं आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांच्याजवळ गुडघे टेकून बसले. मग अॅम्ब्युलन्स त्यांना घेऊन गेली. मागोमाग पोलीस आला, आणि गाडी उचला म्हणाला.

भाऊ हूक लावत होते तेवढ्यात दुकानाशेजारचा कुणीतरी स्कूटरवरून चष्मेवाल्या बाईंना घेऊन आला. त्यांना बातमी अर्धवट कळली होती. नवरा तिथे नाही हे बघून त्या मटकन रस्त्यावरच बसल्या. पोलीस भाऊंना म्हणाला, "हॉस्पिटल तुमच्या वाटेवर आहे. स्कूटरवर त्या पडतील. तुम्हीच न्या."

असं ते निघाले. शेजारी बाई, मागे पुढची चाकं उचललेली त्यांचीच गाडी. चढावर पिकअप गर्जत होती. मध्येच बाई भाऊंकडे वळून काही बोलल्या. भाऊंनी मान डोलवली. बाईंनी आणखी काही विचारलं. भाऊ म्हणाले, "हो, हो." मग बाईंनी डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरल्यासारखा भाऊंना वाटला. आपण काहीतरी बरं केलं असावं, असं समजून ते गाडी चालवत राहिले.

चष्मेवाले त्याच संध्याकाळी गेले.

त्यांची गाडी चौकशी संपेपर्यंत भाऊंच्या आवारात उभी राहिली. भाऊंनी तिच्यावर ताडपत्री टाकली. इतर गाड्यांवर ते टाकत नसत.

पुढे पुष्कळ दिवसांनी बाई एकट्याच आवारात आल्या. भाऊंनी खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत. पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी गाडीत मी तुम्हाला विचारलं होतं, ते काही बोलले का म्हणून. तुम्ही हो म्हणालात. मग मी विचारलं, माझ्यासाठी काही? त्यालाही तुम्ही हो म्हणालात. काय बोलले ते विचारायचा तेव्हा धीर झाला नाही. वाटलं, आपण हॉस्पिटलात पोचलो की तेच सांगतील. आज विचारायला आलेय. काय म्हणाले?"

भाऊंनी खुर्ची बाजूला सरकवली.

"बाई, मला तुमचं बोलणं ऐकूच आलं नव्हतं. या गाडीच्या आवाजात काही ऐकू येत नाही. मी सगळ्यांनाच हो म्हणतो."

बाई पिकअपकडे बघत राहिल्या.

"म्हणजे बोलले नाहीत."

"नाही."

"मी मुलीला सांगून बसले, बाबा शेवटी आपल्याबद्दल बोलले म्हणून." हे त्या भाऊंना म्हणाल्या की स्वतःशीच, कळलं नाही. मग "बरं" म्हणून त्या वळल्या. भाऊ त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले. काहीतरी बोलायला हवं होतं, पण बाईंनी न वळताच हात वर करून त्यांना थांबवलं.

त्या रात्री मेव्हणा जेवायला आला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "भावजी, तुम्ही पण ना! सांगायचं होतं काहीतरी. 'सांभाळून राहा' म्हणाले, सांगायचं. बाईंना बरं वाटलं असतं, तुमच्या बापाचं काय गेलं असतं?"

"गेलेल्या माणसाच्या तोंडी मी माझे शब्द घालू?" भाऊ म्हणाले.

"एकदा घातलेतच की."

यावर बायकोने भावाकडे असं बघितलं की तो पुढचं सगळं जेवण गप्प जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी एक मोडकी व्हॅन पिकअपला लटकवली आणि बायकोला म्हणाले, "चल, बस शेजारी. चढावर गेलो की नेहमीच्या आवाजात बोल काहीतरी."

चढावर ती बोलली. तिचे ओठ हलताना दिसले, एवढंच. वर पोचल्यावर भाऊंनी गाडी थांबवली. "काय म्हणालीस?"

"काही नाही, दूधवाल्याचं सांगत होते." ती जराशी हसली, पण ते हसू टिकलं नाही. "इतकी वर्षं मी या गाडीत बोलतेय. तुम्ही प्रत्येक गोष्टीला हो म्हणता. मला वाटायचं, किती समजूतदार नवरा मिळाला."

भाऊ खाली उतरले, पिकअपखाली वाकून तो सरळ पाइप बघितला, बायकोला आणि व्हॅनला आवारात सोडलं, आणि तसेच सायलेन्सरवाल्याकडे गेले.

सायलेन्सरवाले म्हातारे होते. लांबट शेडमध्ये छतापासून सायलेन्सर टांगलेले, भिंतीला वेल्डिंगच्या सळया, आणि जमिनीवर कापलेल्या पाइपांचे तुकडे. आयुष्यभर पाइप कापून त्यांचे कान केव्हाच गेले होते. गिऱ्हाइकाने त्यांच्या कानाशी ओरडायचं अशी रीत होती. मेव्हणा म्हणालाच होता, "बहिऱ्याकडून सायलेन्सर घेणं म्हणजे टकल्याकडून केसांचं तेल घेणं." पण आवाज त्यांना तळहाताने कळे. गाडीच्या दारावर, सीटखालच्या पत्र्यावर हात ठेवून ते बघत.

"कशासाठी हवाय?" त्यांनी विचारलं. "ताकद वाढवायला, की पोलिसांच्या भीतीने?"

भाऊ त्यांच्या कानाशी ओरडले, "शेजारी बसलेला माणूस बोलला तर ऐकू यायला हवं!"

"मोठ्याने बोलतो का तो?"

"नाही. कधीकधी नुसतं पुटपुटतो."

म्हाताऱ्याने मान हलवली. "मग रिकामी गाडी कशाला आणलीत? रिकामी गाडी सगळीच गप्प असते. ओझं लावून आणा. आणि पुटपुटणारं माणूसही आणा."

मग ती मोडकी व्हॅन मागे लटकवून आणि बायकोला शेजारी बसवून भाऊ परत आले. पहिला सायलेन्सर चकचकीत होता. आत सरळ भोकाभोकांची नळी आणि भोवती भरलेला काचेचा कापूस. जागेवर उभी असताना गाडी इतकी मऊ वाजली की भाऊंना तोच घ्यावासा वाटला. पण ओझ्यासकट चढ लागला तशी एक घूं घूं सुरू झाली. मोठी नाही, पण सगळी केबिन भरून टाकणारी, दातांत जाणवणारी. सीटमागच्या फळीवर बसलेल्या म्हाताऱ्याने पायाखालच्या पत्र्यावर हात ठेवला आणि झटकन उचलला. "ढोलात बसल्यासारखं आहे. काढा."

दुसरा खरंच शांत होता. पण त्याच्या आतल्या वाटा इतक्या अरुंद की चढावर पिकअप दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली. पायाखालचा पत्रा तापला, रबरी मॅटचा वास सुटला. "आवाज कोंडला, पण श्वासही कोंडला," म्हातारा म्हणाला. "ओढणाऱ्या गाडीला हा लावलात तर एक दिवस तुम्हालाच टोचन लागेल."

तिसरा त्याने शेडच्या मागून ओढत आणला. लांबलचक, मळकट, पोट सुटलेला. त्यात धूर एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे असा वळसे घेत बाहेर पडायचा, पण वळणं रुंद होती. तो बसवायचा तर खालची स्टेपनी काढून क्रेनच्या बाजूला उभी बांधावी लागणार होती. "दिसायला रेड्यासारखा आहे," म्हातारा म्हणाला, "पण गाडीखाली वाकून कोण बघतंय?" त्याने जाड रबरावर तो टांगला, जोड वेल्ड केले आणि हात पुसत पुन्हा मागे चढून बसला.

चढ लागला. इंजिन ओढत होतं, मागे व्हॅन होती, पण आवाज दूर कुठेतरी खाली राहिला होता. भाऊ म्हणाले, "बोल."

बायको खिडकीबाहेर बघत नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सकाळी खरं सांगितलं नाही तुम्हाला. दूधवाल्याचं नव्हतं ते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फुटक्या गाड्या बघत पोळ्या लाटायचा मला कंटाळा आलाय. कुणाच्या काचेवर रक्त असतं, कुणाच्या सीटवर लहान मुलाची चप्पल."

भाऊंना शब्द न् शब्द ऐकू आला. मागे म्हाताऱ्याने पत्र्यावर हात ठेवला होता आणि तो समाधानाने मान डोलवत होता. त्याला तिचं बोलणं अर्थातच कळलं नव्हतं.

"हाच," भाऊ म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी खिडकीसमोरची गाड्यांची रांग क्रेनने उचलून कुंपणाच्या पलीकडच्या बाजूला हलवली. मेव्हणा नव्या सायलेन्सरवर नाराज होता. "वाघाचं मांजर केलंत, भावजी," म्हणाला, आणि बहिणीला हळूच विचारून गेला, "नक्की सुरू होती ना गाडी?"

काही दिवसांनी चष्मेवाल्यांच्या गाडीची चौकशी मिटली. गाडी भंगारात द्यायची होती, आणि भंगारवाल्याला मालकाच्या घरचं माणूस समोर हवं होतं. बाई आवारात आल्या. ताडपत्री काढताना त्यांनी तोंड फिरवलं. हूक लावून झाल्यावर भाऊंनी शेजारचं दार उघडलं.

"बसता का? नाहीतर रिक्षा बोलावतो."

बाई घुटमळल्या, मग बसल्या. गाडी निघाली. भट्टीच्या वळणाकडचा रस्ता भाऊंनी टाळला. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "आवाज कमी झाला."

"हो."

"ऐकू येतंय तुम्हाला?"

"येतंय."

"मग मला सांगा. तुम्ही पोचलात तेव्हा ते कसे होते? बोलले नाहीत ते कळलं. बाकीचं सांगा."

भाऊंनी सांगितलं. जसं आठवत होतं तसंच, पुढेमागे न करता. डोळे उघडे होते. श्वास चालू होता, पण उथळ. "अॅम्ब्युलन्स येतेय," असं भाऊ म्हणाले तेव्हा त्यांनी भाऊंकडे बघितलं, पण ओळख पटल्यासारखं नाही. "आणि शेजारच्या सीटवर ते हाताने चाचपत होते. सीटच्या कडेला, खाली. मला वाटलं फोन शोधताहेत. फोन मी त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी तो सोडून दिला. पुन्हा चाचपायला लागले. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तेच चाललं होतं. सांगण्यासारखं काही वाटलं नाही मला ते. म्हणून तेव्हा बोललो नाही."

बाईंचा हात आपोआप स्वतःच्या कमरेशी, सीटबेल्टच्या पट्ट्याच्या खटक्यावर गेला.

"माझा पट्टा," त्या म्हणाल्या. "मी लावला की नाही ते बघायचे. दर वेळी, गाडी चालवता चालवता. मी चिडायची. लहान आहे का मी, म्हणायची."

पिकअप चढ चढत होती. मागची गाडी वळणावर किंचित डुलली.

"त्यांना वाटलं, मी गाडीत आहे." बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. जुन्या पाइपाच्या आवाजात तो केव्हाच बुडून गेला असता. "सीट रिकामी आहे हे कळलं असेल का हो त्यांना? की मी कुठे गेले म्हणून शोधत राहिले?"

भाऊंनी हा प्रश्न नीट ऐकला. हो म्हणणं किती सोपं होतं. "कळलं असेल, बाई," एवढे तीन शब्द. त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी त्यांच्या जवळ होतो, पण ते मला कळलं नाही."

बाई रडायला लागल्या. भाऊंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, पिवळा दिवा लावला आणि इंजिन बंद केलं. ते उतरून गेले नाहीत, पाणी पुढे केलं नाही, समजूत घातली नाही. शेजारी बसून राहिले. मागून येणाऱ्या गाड्या वळसा घालून जात होत्या. एकाने थांबून, काही मदत हवी का, असं विचारलं. भाऊंनी काचेतूनच हाताने नको म्हणून खूण केली.

भंगारवाल्याकडे बाईंनी गाडीत हात घालून काही काढलं नाही. फक्त तिचं दार, जे नीट लागत नव्हतं, ते लावायचा दोनदा प्रयत्न केला. परतीच्या वाटेवर त्या मुलीबद्दल बोलल्या. ती दुकानात बसायला लागली होती, आणि बापासारखीच गिऱ्हाइकांशी वाद घालत होती.

पुढे भाऊंनी बरीच वर्षं पिकअप चालवली. त्यांची गाडी आता गुपचूप येई, त्यामुळे अडकलेले लोक रस्त्यावर येरझाऱ्या घालत बसत. मग भाऊ वाटेतून फोन करून सांगत, "निघालोय, गाडीतच बसा." शेजारच्या सीटवरून त्यांनी काय काय ऐकलं ते त्यांनाच ठाऊक. एकदा बायकोला एवढंच म्हणाले होते, की ऐकून ऐकून माणूस ओझ्यापेक्षा जास्त दमतो. "मग पाइप लावा परत," ती म्हणाली. त्यांनी नाही लावला.

साखळीच्या कड्या जवळून धूसर दिसायला लागल्या तेव्हा बायकोने त्यांना चष्म्याच्या दुकानात पिटाळलं. भाऊ दाराशी जरा रेंगाळले. बाई आतल्या खोलीत होत्या. काउंटरवर मुलगी होती, पंचविशीची, केस घट्ट बांधलेली. तिने त्यांना ओळखलं.

"तुम्ही बाबांजवळ होतात ना?"

"हो."

"आईने आधी मला वेगळंच सांगितलं होतं. मग एक दिवस बसवून खरं सांगितलं." तिने टेबलावरची भिंगांची पेटी उघडली. "मी तिच्यावर खूप रागावले होते. आता नाही. पट्ट्याचं मलाही करायचे ते. मागच्या सीटवर हात पोचायचा नाही, तरी करायचे."

तिने त्यांना खुर्चीत बसवलं, जड लोखंडी फ्रेम नाकावर चढवली, कानांमागे बोटांनी दाब देऊन नीट बसवली आणि एक भिंग सरकवलं.

"समोर बघा," ती म्हणाली. "वरून तिसरी ओळ वाचा. येत नसेल तर येत नाही म्हणा, अंदाजाने सांगू नका."

भाऊंनी डोळे बारीक केले आणि वाचायला सुरुवात केली.